एक हजार दहाची रेघ

चंदीगडमधलं पहिलं वर्ष मी जवळजवळ न बोलताच काढलं. कामापुरतं हिंदी बोलायचे, पण ते मिरजेच्या शाळेत शिकलेलं, पुस्तकी. भाजीवाल्याला मी ‘कृपया’ म्हणायचे आणि तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसायचा. बांगलादेशची लढाई होऊन वर्ष उलटलं होतं. मी राहायचे त्या घराच्या जिन्यातल्या काचांवर ब्लॅकआऊटसाठी चिकटवलेल्या काळ्या कागदाचे तुकडे अजून कडेकडेला राहिले होते. गच्चीवरची एक खोली मी भाड्याने घेतली होती. तिकडे अशा खोलीला बरसाती म्हणतात. खाली घरमालकीण एकटीच राहायची. ती पंजाबीत बोलायची, मी हिंदीत, आणि दोघींनाही एकमेकींचं निम्मंच कळायचं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. वडील नव्हते. एक ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि घरी येणारीजाणारी माणसं माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तशी बघायची. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांचा कोर्स मी मिरजेतच केला होता. चंदीगडच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळाची जाहिरात पेपरात आली, तेव्हा नकाशात गाव शोधायच्या आधीच मी अर्ज करून टाकला. भाऊ म्हणाला, इतक्या लांब कशाला. आईने माझ्या ट्रंकेत एक जास्तीची चादर घातली.

गाव मला समजायला फार वेळ लागला. रस्ते रुंद आणि सरळ, दोन्ही बाजूंना झाडं, घरं सगळी सारखी. पत्ता म्हणजे दोन आकडे, एक सेक्टरचा आणि एक घराचा. मिरजेत आमचं घर सांगताना तीन माणसांची नावं आणि एक पिंपळ सांगावा लागे. इथे कुणाचं नाव सांगायची वेळच येत नसे. रविवारी मी सायकल काढून तळ्यावर जायचे, काठाकाठाने एक फेरी मारायचे आणि परत यायचे. सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की लक्षात यायचं, शनिवार संध्याकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही.

माझ्याकडे लघवीच्या तपासण्या होत्या. नव्या माणसाला तेच काम मिळे. रंग, साखर, प्रथिनं, आणि सगळ्यांत आधी युरिनोमीटर. हे उपकरण अगदी साधं. काचेचा एक तरंगणारा फुगा, त्याच्या तळाशी वजनाला पारा, वर काडीसारखी बारीक नळी आणि नळीच्या आत आकडे छापलेली कागदाची पट्टी. उभ्या नळकांड्यात लघवी ओतायची आणि हे त्यात सोडायचं. द्रव दाट असेल तर ते वर तरंगतं, पातळ असेल तर खोल जातं. पाण्याच्या पातळीला जो आकडा येईल तो वाचायचा. शुद्ध पाणी एक हजार. माणसाची लघवी त्याहून थोडी दाट, कधी एक हजार पाच, कधी पंधरा, कधी पंचवीस. आम्ही तोंडी नुसते शेवटचे आकडे बोलायचो, दहा, पंधरा, पंचवीस.

आमच्या विभागात सगळ्यांत जुने एक सरदारजी होते, फाळणीत लाहोरहून आलेले. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात हे नीट वाचायला शिकवलं. सोडताना बोटांनी हलकी गिरकी द्यायची, म्हणजे काच काचेला चिकटत नाही. डोळे पाण्याच्या पातळीला आणायचे. काडीजवळ पाणी किंचित वर चढलेलं असतं, ते वाचायचं नाही, खालची सपाट पातळी वाचायची. थंडीत आणि उन्हाळ्यात आकड्यात थोडी वजाबाकी-बेरीज करायची. त्यांना तीन मुली होत्या. माझ्याशी ते चौथी असल्यासारखे बोलत, पण कामाच्या वेळेपुरतंच. पाच वाजले की ते पगडी नीट करून निघत आणि मीही निघायचे.

त्या हिवाळ्यात एका सकाळी वरच्या बायकांच्या वॉर्डातून फोन आला. सिस्टर केरळची होती. तिने विचारलं, प्रयोगशाळेत कुणी बॉम्बे साइडचं आहे का? एक पेशंट आहे, तिला हिंदी येत नाही, नवरा भेटीच्या वेळेलाच येतो, आणि ती हातातली सुई उपटायला बघते आहे. सरदारजींनी माझ्याकडे बोट केलं.

मी गेले तेव्हा ती खाटेवर उठून बसली होती. माझ्यापेक्षा एक-दोन वर्षांनी लहान असेल. चेहरा आणि पावलं सुजलेली, ओठांवर पापुद्रे आलेले. मी जवळ जाऊन मराठीत विचारलं, काय होतंय? तिने माझा हात मनगटाजवळ इतका घट्ट धरला की माझी बांगडी रुतली.

“मले पाणी काहून नाई देत हे लोकं?” ती म्हणाली. “म्या काय केलं?”

ती यवतमाळकडची. नवरा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात, चार महिन्यांपूर्वी बदलून इकडे आलेला. हिचं पहिलंच बाळंतपण. दिवस भरायच्या आधीच रक्त जायला लागलं, बाळ पोटातच गेलं, आणि इतकं रक्त गेलं की मूत्रपिंडं बंद पडली. लघवीच होईना. शरीरात गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून डॉक्टरांनी पाणी तोडलं होतं. दिवसभरात मोजून दोन-तीन पेले. हे सगळं तिला रोज हिंदीतून आणि इंग्रजीतून सांगितलं जात होतं. तिला एवढंच कळलं होतं, की मूल गेलं म्हणून ही माणसं आपल्याला शिक्षा करताहेत.

मी खाटेच्या कडेला बसून तिला समजावलं. गाळणी तुंबली की वरून ओतत राहून चालत नाही, तसं आहे म्हटलं. तिने ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, “आनं माहं बाळ कोठी नेलं?” मला ते माहीत नव्हतं. मी सिस्टरला विचारलं. नवऱ्याच्या ताब्यात दिलं होतं. मी तिला तसं सांगितलं. तिने माझा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. ती इस्पितळात असेपर्यंत बाळाचा विषय तिने काढला तो त्या एकदाच.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. पोटात नळी घालून त्यातून औषधी पाणी आत सोडायचं आणि परत काढायचं, असं तिचं रक्त साफ करत होते. मला डॉक्टर बोलावून घेत. काय करणार आहेत ते मी तिला आधी मराठीत सांगायचे आणि नंतर उशाशी उभी राहायचे. माझ्या कामात हे बसत नव्हतं. सरदारजी म्हणाले, जा तू, नमुने मी बघतो. तिचा नवरा संध्याकाळी धावत यायचा. उंच, सडपातळ माणूस, स्वेटर नेहमी उलटसुलट घातलेला. मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने नमस्कार केला. मग म्हणाला, “ताई, आम्ही इथे कुणालाच ओळखत नाही.” मी म्हटलं, मीही नाही.

मग एक दिवस लघवी सुटली. आधी थोडीशी, नंतर भरपूर. वॉर्डात सगळ्यांना हायसं झालं, मलाही. पहिला पुरेसा नमुना खाली आला तेव्हा मीच तो नळकांड्यात ओतला, गिरकी दिली आणि वाचला. एक हजार दहा.

दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या दिवशी दहा. ती आता हवं तेवढं पाणी पीत होती. सकाळचा नमुना घेतला तरी दहा आणि चार पेले पाणी पिऊन झाल्यावरचा घेतला तरी दहा. निरोगी माणसाचा आकडा दिवसभर हलत असतो. खूप पाणी प्यायलं तर खाली येतो, तहान लागलेली असली तर वर चढतो. मूत्रपिंड त्यासाठीच राबत असतं, हवं तिथे पाणी सोडायचं, हवं तिथे धरायचं. ते थकलं की रक्तातून गाळून आलेलं जसंच्या तसं पुढे सोडून देतं. त्याचा आकडा दहा. आमच्या पुस्तकात हे एका वाक्यात होतं. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं.

नमुने खाली आणायला एक वॉर्डबॉय होता, पण तिचा मी स्वतः जाऊन आणू लागले. सकाळी कामाला लागायच्या आधी जिना चढून जायचे आणि दहा-पंधरा मिनिटं तिच्याजवळ बसायचे. ती वऱ्हाडी बोलायची, मी मिरजेचं. माझं ‘आलोय, गेलोय’ ऐकून तिला हसू यायचं आणि तिचं ‘येऊन राह्यले, जाऊन राह्यले’ ऐकून मला. ती तिच्या गावच्या कापसाबद्दल बोलायची. घरात वेचणीचा कापूस येऊन पडला की त्यात झोपायला मिळायचं, म्हणायची. आईला कळवलं आहे, पण आईचे पाय आखडले आहेत, ती एवढा प्रवास करणार नाही. मी आमच्याकडच्या तंतुवाद्यं करणाऱ्यांबद्दल सांगायचे, भोपळे कसे सुकवतात ते. एरवी या गोष्टी मी कुणाला सांगितल्याही नसत्या. त्या सांगण्यासारख्या आहेत हेच मला माहीत नव्हतं. बरसातीत स्वयंपाक करताना मी उद्या तिला काय सांगायचं ते ठरवायला लागले होते.

माझ्याकडून नमुन्याची बाटली दिली-घेतली जायची, म्हणून एकदा तिने विचारलंच, याचं तुम्ही खाली काय करता? मी दुसऱ्या दिवशी ॲप्रनच्या खिशात एक जास्तीचं युरिनोमीटर आणि छोटं नळकांडं घेऊन गेले. खाटेशेजारच्या कपाटावर नळकांड्यात साधं पाणी ओतलं आणि तिच्याच हाताने ते सोडायला लावलं. ते खाली गेलं, वर आलं, डोलत राहिलं. तिने ते काढून परत सोडलं. मग मी तिच्या ताटाच्या कडेला शेजारणीने ठेवलेलं, तिला मनाई असलेलं मीठ चिमटीने पाण्यात टाकलं आणि ढवळलं. फुगा वर उचलला गेला. “थांबा, थांबा,” म्हणत तिने आणखी मीठ टाकलं. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा मोकळं हसताना पाहिलं. शेजारच्या खाटेवरची पंजाबी म्हातारीही उठून बघायला आली.

त्याचा एक परिणाम असा झाला की ती रोज आकडा विचारू लागली.

“आज किती?”

“दहा.”

“अजून धाच?”

त्यापुढे ती काही विचारत नसे. माझ्या चेहऱ्याकडे मात्र नीट बघायची.

एका दुपारी तिचा नवरा प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसलेला दिसला. ऑफिसची वेळ होती. मोठ्या डॉक्टरांनी त्याला बोलावून सांगितलं होतं. लघवी सुटली ही चांगली गोष्ट, पण मूत्रपिंडांचा किती भाग जगला आणि किती मेला हे अजून कळत नाही. काही पेशंट हळूहळू पूर्ण बरे होतात. काहींचं काम असंच अर्धवट राहतं, आणि मग काही वर्षांनी तेही थांबतं. दाटपणाचा आकडा हलायला लागला तर आशा धरायची. त्याने मला विचारलं, रोज तुम्हीच बघता ना? मी हो म्हटलं. मग त्याने विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?”

मला काय वाटतं हे गेल्या वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर हे. मी म्हटलं, माझं काम वाचण्याचं आहे, पुढचं डॉक्टरांना कळतं. तो मान हलवत राहिला. जाताना म्हणाला, डॉक्टर जे बोलले ते तिला सांगू नका. मी सांगितलं नाही. पण मला वाटतं तिला कळलंच होतं. त्या आठवड्यात ती तिच्या गावाबद्दल बोलली नाही. मीच बोलायचे.

त्यानंतर तिची पाणी तोडून तपासणी ठरली. आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही, आणि सकाळी उठल्यावरचा नमुना घ्यायचा. तहानलेल्या शरीरात मूत्रपिंडाने पाणी धरून ठेवलं तर आकडा वर जाणार. परत पाणी बंद म्हटल्यावर ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, यावेळी का ते माहीत आहे, मग काही वाटत नाही.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की मी सायकल हातात धरून चालत आले. नमुना आणला, गार पडू नये म्हणून बाटली ॲप्रनच्या आत धरली. नळकांड्यात ओतला, वरचा फेस टिपकागदाने टिपला, गिरकी दिली. फुगा डोलला आणि थांबला. मी खाली वाकले.

तेरा.

मी त्याला पुन्हा गिरकी दिली. तेरा. मला खरं वाटेना. अंबाल्याहून नुकताच युरिनोमीटरांचा नवा खोका आला होता आणि त्यातले काही दोन-तीन आकड्यांनी चुकीचे निघाले होते. मी हे धुतलं, पुसलं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोडलं. बरोबर एक हजार. मग जुनं युरिनोमीटर काढलं आणि त्याच नमुन्यात सोडलं. तेरा. थर्मामीटर लावलं, गारठ्याची वजाबाकी केली, तरी बाराच्या वर राहत होतं. मी सरदारजींना बोलावलं आणि काही न सांगता वाचा म्हटलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पुत्तर, तेरह.”

दहा आणि तेरा यांत बघायला गेलं तर काडीवरच्या तीन बारीक रेघा. मी कागद घेऊन आधी डॉक्टरांकडे गेले, कारण रीत तशी होती. त्यांनी वाचून खाली सही केली आणि म्हणाले, चांगलं आहे, पण एकावर भरवसा नको, आठवड्याने पुन्हा करू. त्यांनी मला जाऊन सांगायची परवानगी दिली. ती खाटेवर बसून पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून पीत होती, अगदी सावकाश. मी म्हटलं, आज तेरा. तिने पेला खाली ठेवला. रडली नाही. म्हणाली, “तुमी जेवल्या का सकाळी?” मी नव्हते जेवले. तिने सिस्टरकडून ब्रेडचा तुकडा मागून घेतला आणि मला समोर बसवून खायला लावला.

पुढच्या वेळी सोळा आला. त्यानंतर अठरा. थंडी संपत आली तेव्हा तिला घरी सोडलं.

त्यांचं क्वार्टर माझ्या खोलीपासून सायकलने पंधरा-वीस मिनिटांवर होतं. पहिल्या रविवारी नवरा मला न्यायला आला. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, त्यात मेथी लावलेली. तिच्या आईने कुणाबरोबर तरी ज्वारीचं पीठ पाठवलं होतं. तिने भाकरी केल्या, सोबत झुणका आणि ठेचा. तिला स्वतःला मीठ कमी होतं, तिने तिचं वेगळं काढून ठेवलं. मिरज सोडल्यापासून मी भाकरी खाल्ली नव्हती. आम्ही तिघं जमिनीवर बसून जेवलो. जेवताना मी इतकी बोलले, की परत येताना माझा घसा दुखत होता.

मग दर रविवारी जायला लागले. शनिवारी बाजारातून काहीतरी घेऊन ठेवायचे, कधी किन्नू म्हणतात ती तिकडची संत्री, कधी लोकर. तिला स्वेटर विणायला माझ्या घरमालकिणीने शिकवावं, अशी योजना मी केली आणि घरमालकीणही खूश झाली. तिच्याशी बोलायला मला विषय मिळाला. आईला लिहिलेल्या पत्रांत मी ‘आमचा रविवार’ असं लिहू लागले. जेवण झालं की तिचा नवरा पेपर घेऊन अंगणात बसायचा आणि आम्ही दोघी आत. मी तिला तिच्या पाण्याबद्दल विचारायचे, पावलांना सूज येते का ते बघायचे, दर महिन्याला तपासणीला ये म्हणून बजावायचे. ती हो म्हणायची.

उन्हाळा सुरू झाल्यावर ती कमी बोलू लागली. मी गेले की पटकन उठून चहा करायला जायची आणि बराच वेळ आतच असायची. मला वाटलं, प्रकृती बरी नाही. मी आणखी चौकशी करू लागले. एकदा मी तिच्या नवऱ्यालाही बाजूला घेऊन विचारलं. तो गोंधळला आणि म्हणाला, तसं काही नाही, ताई.

त्यानंतरच्या रविवारी जेवण झाल्यावर तो पान आणायला म्हणून बाहेर गेला. ती माझ्यासमोर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग म्हणाली, “ताई, राग नोका मानू. तुमी आल्या का मले थो वॉर्ड दिसते.”

मी सवयीने तिच्या पावलांकडे बघत होते, ते थांबवलं.

“तुमचं काईच चुकलं नाई,” ती म्हणाली. “तुमी नसत्या तं म्या मेली असती. पण तुमी दारात उभ्या राह्यल्या का मले सगळं पहिल्यापासून दिसते. मंग रातभर झोप नाई लागत.”

मी म्हटलं, बरं केलंस सांगितलंस. खरंच तसं वाटलं मला, निदान त्या क्षणी. ती रडायला लागली आणि मीच तिला पाणी आणून दिलं. त्यांच्या स्वयंपाकघरात पेले कुठे असतात ते मला माहीत होतं. तिचा नवरा पान घेऊन आला. मी पान घेतलं, थोडा वेळ बसले, हवेबद्दल बोललो, आणि मी निघाले. तो फाटकापर्यंत आला. माझ्या सायकलची घंटी उगाच दाबून बघत म्हणाला, ती तुम्हाला फार मानते. मी म्हटलं, माहीत आहे.

दुपारचं ऊन रणरणत होतं. अमलताशाची पिवळी फुलं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोंबत होती आणि रस्त्यावर एकही माणूस नव्हतं. मी घरी न जाता तळ्याकडे वळले. तिथेही कुणी नव्हतं. झाडाखाली एका बाकावर उन्हं उतरेपर्यंत बसून राहिले. तिच्यावर मला राग आला नाही. पण इतके दिवस मला वाटत होतं, की मी तिच्या घरी पाहुणी, मैत्रीण, बहीण असं कुणीतरी म्हणून जाते. तिच्या डोळ्यांपुढे मात्र मी ॲप्रन घातलेलीच होते. तिला तो हिवाळा विसरायचा होता. माझ्याकडे तो हिवाळा सोडला तर चंदीगडचं दुसरं काही नव्हतं.

मी जाणं थांबवलं. त्या वर्षी गणपतीत मराठी मंडळींनी एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम केला, तिथे ती दोघं भेटली. ती अंगाने भरली होती, केसांत गजरा होता. तिने माझी एका बाईशी ओळख करून दिली, ‘ह्या आमच्या ओळखीच्या, मिरजेच्या.’ आम्ही आरतीला शेजारी उभ्या होतो. प्रसाद घेतला आणि वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडलो.

दोन-अडीच वर्षांनी कधीतरी प्रसूती विभागातून आलेल्या नमुन्यांत एका बाटलीवर तिचं नाव दिसलं. मी तो इतरांसारखाच तपासला. वीस. साखर नाही, प्रथिनं नाहीत. कागदावर लिहून पाठवून दिलं. नंतरचे काही महिने तिचे नमुने येत राहिले. आकडा कधी पंधरा, कधी बावीस, एकदा तर आठ, त्या दिवशी तिने भरपूर पाणी प्यायलं असावं. तो असा हलताना बघून मला बरं वाटायचं. वर जायला पाय उचलत नसत. सरदारजी निवृत्त झाले होते, नाहीतर त्यांना सांगितलं असतं. एके दिवशी नमुने यायचे थांबले, आणि चौकशी केल्यावर कळलं, मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत.

त्यानंतर वर्षभराने, थंडीतल्या एका दुपारी, तिचा नवरा प्रयोगशाळेच्या दारात आला. त्याची नागपूरला बदली झाली होती. म्हणाला, ती बाहेर आली आहे, जरा येता का? मी ॲप्रन काढून खुंटीला लावला, हात साबणाने धुतले आणि बाहेर गेले. इस्पितळासमोरच्या हिरवळीवर, फाटकाजवळच, ती उन्हात चादर टाकून बसली होती. शेजारी मुलगी, लाल स्वेटर, डोक्याला कानटोपी.

“आत नाई येववत मले,” ती म्हणाली. “म्हटलं, तुमालेच बाहेर बोलवा.”

मी बसले. मुलगी माझ्याकडे बघून आईच्या मागे गेली, मग थोड्या वेळाने येऊन माझ्या मनगटावरचं घड्याळ ओढू लागली. आम्ही गाडीच्या वेळेबद्दल बोललो, सामान कसं पाठवलं त्याबद्दल, नागपूरच्या उन्हाळ्यात पोरीचं कसं होईल त्याबद्दल. तिची आई आता त्यांच्याजवळ राहायला येणार होती. तिने मला विचारलं, तुम्ही कधी जाणार परत? मी म्हटलं, बघू. तिने डब्यातून चिवडा आणला होता, तो आम्ही खाल्ला. जायची वेळ झाली तेव्हा तिने वाकून मला नमस्कार केला. मी तिच्याहून एवढी मोठी नव्हते, मला कसंतरी झालं. मी तिला उठवलं. ती दोघं मुलीला घेऊन फाटकाबाहेर रिक्षात बसली. मुलगी मागे बघत नव्हती, तिला रिक्षाच्या पुढच्या चाकात रस होता.

मी आत आले. दुपारचे नमुने तसेच रांगेत उभे होते. ते संपवायला सहा वाजले.

चंदीगडमध्ये मी पुढेही बरीच वर्षं राहिले. माझी पंजाबी चांगली झाली, घरमालकिणीचं शेवटचं दुखणं काढायला मीच तिच्याजवळ होते. ऐंशीनंतर प्रयोगशाळेत नवं उपकरण आलं. काचेवर एक थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरायचं आणि आकडा वाचायचा. गिरकीची गरज उरली नाही. पुढे आई थकली, आणि भावाने पत्र लिहून बोलावलं तेव्हा मी राजीनामा दिला. स्टेशनवर सोडायला विभागातल्या दोन मुली आल्या होत्या. गाडी हलली तेव्हा त्या पंजाबीत काहीतरी म्हणाल्या, मी पंजाबीतच उत्तर दिलं, आणि अंबाला येईपर्यंत खिडकीशी बसून राहिले.